गव्हाला प्रथिनाचा भाव हवा, पण यंत्राचे मापही तपासलेले हवे

संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो आधी फॅट किती लागली ते सांगेल आणि लिटर नंतर. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. कापसाचा हमीभाव धाग्याच्या लांबीप्रमाणे वेगवेगळा जाहीर होतो. मग ज्याची पोळी आणि पाव रोज आपल्या ताटात येतो, त्या गव्हाचाच भाव अजून डोळ्याने का ठरावा, हा प्रश्न आम्ही आज धान्य व्यापारी, मिलवाले, बेकरीवाले आणि शेतकरी या सर्वांपुढे ठेवीत आहोत.

अडत्याच्या गाळ्यावर काय घडते ते आपण सारे जाणतो. पोत्यात नळी खुपसून मूठभर गहू तळहातावर घेतला जातो. रंग पाहिला जातो, चकाकी पाहिली जाते, फुंकर मारून कचरा उडवला जातो, एखादा दाणा दाताखाली फोडला जातो आणि भाव निघतो. लोकवन, शरबती, सिहोर, बन्सी, खपली ही नावे घेतली की निम्मा सौदा झाला असे समजावे. पिढ्यान्‌पिढ्या गव्हात वावरलेल्या माणसाच्या नजरेची आम्ही थट्टा करणार नाही. ती नजर कीड ओळखते, ओल ओळखते, मिसळ ओळखते. परंतु दाण्याच्या पोटात प्रथिन नऊ टक्के आहे की तेरा टक्के, हे जगातल्या कोणत्याही अडत्याला खात्रीने सांगता येत नाही. आणि त्या गव्हाचा पाव फुगणार की बसणार हे मोठ्या अंशी याच गोष्टीवर अवलंबून असते.

सरकारी खरेदीतही हीच तऱ्हा आहे. २०२५-२६ च्या खरेदी हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता. त्यासाठीच्या ‘रास्त सरासरी दर्जा’च्या कसोट्या पाहा : बाहेरचा कचरा पाऊण टक्क्यापर्यंत, इतर धान्य दोन टक्के, खराब दाणे दोन टक्के, किंचित खराब चार टक्के, आक्रसलेले व फुटके सहा टक्के, ओलावा बारा टक्के, चौदापर्यंत कपात करून घ्यावा, त्यापुढे घेऊ नये. या साऱ्या यादीत प्रथिनाला जागा नाही. म्हणजे खत-पाण्याचा नेम सांभाळून कसदार गहू पिकवणारा आणि नुसते वजन पिकवणारा, दोघांनाही एकच दाम.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गव्हातील प्रथिन मिनिटभरात मोजणारे यंत्र जगात पन्नास वर्षांपासून व्यापारात आहे. त्या आकड्यावर आपल्याकडेही भाव मिळाला पाहिजे. परंतु त्याआधी दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. एक, यंत्राचा आकडा प्रथिनाचे प्रमाण सांगतो, प्रथिनाचा गुण सांगत नाही, हे खरेदी-विक्री करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. दुसरी, तराजू जसा सरकारी शिक्क्याशिवाय चालत नाही तसे हे यंत्रही चालू नये.

नुकसान कोणाचे?

बेकरीवाल्यापासून सुरुवात करू. मैद्याच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या, छाप एकच, मिल एकच. एका गोणीची कणीक हाताला ताठ लागते, दुसरीची सैल पडते. ज्या मैद्यात प्रथिन जास्त व चांगले, तो पाणी अधिक पितो. उदाहरणादाखल हिशोब करू. एक मैदा शंभर किलोला ६० लिटर पाणी घेतो आणि दुसरा ५७ लिटर. पन्नास किलोच्या गोणीमागे पहिल्यात ३० लिटर पाणी गेले, दुसऱ्यात साडेअठ्ठावीस. कणीक दीड किलो कमी भरली. पन्नास ग्रॅमचा गोळा धरला तर गोणीमागे तीस पाव कमी. रोज दहा गोण्या लागणाऱ्या भट्टीत हे तीनशे पाव झाले, आणि मैद्याचा पैसा मात्र तेवढाच गेला. वर लादी नीट फुगली नाही, पाव दुसऱ्या दिवशी भुगा झाला म्हणून जो माल परत आला तो वेगळाच.

बेकरीवाला मिलवाल्याला बोल लावतो, मिलवाला अडत्याला, अडत्या यंदाच्या हवामानाला. खरे तर या साखळीत कोणाच्याच हातात आकडा नसतो, त्यामुळे कोणीच कोणाला जाब विचारू शकत नाही. मोठ्या मिलांच्या प्रयोगशाळेत यंत्रे आहेत, त्यांना आपला माल ठाऊक असतो. माहिती एकाच बाजूला असली की सौदाही त्याच बाजूला झुकतो, हे व्यापारी वाचकांना आम्ही सांगायला नको.

शेतकऱ्याचे नुकसान याहून खोल आहे. गव्हाचे प्रथिन वाणावर जेवढे अवलंबून आहे तेवढेच जमिनीवर, पाण्यावर आणि नत्र कोणत्या वेळी दिले यावर अवलंबून आहे. उत्पादन फार वाढले की नत्र पुरत नाही आणि प्रथिन पातळ होते; उशिरा दिलेली नत्राची मात्रा प्रथिन चढवते, पण तिला खर्च आहे. त्या खर्चाची भरपाई बाजार देणार नसेल तर शेतकरी तो का करील? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हाचा ‘एमएसीएस ४०२८’ हा वाण काढला, त्यात प्रथिन सुमारे १४.७ टक्के असल्याचे जाहीर झाले आहे. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘नेत्रावती’ यांसारखे वाण राज्याला दिले. गुजरातच्या भालिया गव्हाला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात त्याच्या प्रथिनाचा बोलबाला होता. शास्त्रज्ञ कसदार वाण काढतात, आणि बाजार मात्र ‘दाणा टपोरा आहे का?’ एवढेच विचारतो. अशाने कसदार वाण शेतात टिकत नाहीत.

डोळा आणि आकडा यांची गाठ पडत नाही त्याचे ताजे उदाहरण २०२२ चे आहे. त्या वर्षी मार्चमध्येच उष्णतेची लाट आली आणि पंजाब-हरियाणात दाणे आक्रसले. केंद्राला आक्रसलेल्या दाण्यांची मर्यादा सहावरून अठरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. डोळ्याला तो माल हलका. परंतु दाण्यात पिष्ट कमी भरल्याने आक्रसलेल्या गव्हात प्रथिनाचे शेकडा प्रमाण बहुधा वाढते. मैदा कमी निघतो हे खरे, पण जो निघतो तो कसा आहे, हे डोळ्याने कळत नाही.

आम्लापासून प्रकाशापर्यंत

प्रथिन मोजण्याची जुनी खात्रीची रीत डेन्मार्कची आहे. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ती जाहीर केली. धान्याचे पीठ तीव्र गंधकाम्लात उकळायचे, त्यातील नत्राचा अमोनिया करून तो मोजायचा, आणि जो नत्र निघेल त्याला गव्हासाठी ५.७ ने गुणायचे, की प्रथिन निघाले. रीत पक्की, पण सावकाश. आम्लाचा धूर, तापलेल्या चंबूंची रांग आणि शिकलेली माणसे, हे सारे लागते. ट्रक दारात उभा करून हे करता येत नाही. नमुना जाळून नत्र मोजण्याची द्यूमा यांची रीत आता अनेक प्रयोगशाळांत तिच्या जागी आली आहे. ती वेगवान असली तरी प्रयोगशाळेतलीच आहे.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. १८०० साली विल्यम हर्शल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काही दिसत नाही, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला. हेच अवरक्त किरण. दृश्य प्रकाशाला लागून असलेला त्यांचा जो पट्टा, त्याला ‘निअर इन्फ्रारेड’ म्हणतात आणि त्यावर चालणाऱ्या यंत्राला थोडक्यात एन.आय.आर. अमेरिकेच्या शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस या अभियंत्याने १९६० च्या दशकात धान्याचा ओलावा, तेल व प्रथिन या प्रकाशाने मोजण्याचा मार्ग घालून दिला. २०१९ मध्ये ते वारले. या विद्येचे जनक म्हणून जगभर त्यांचे नाव घेतले जाते.

यंत्राचे तत्त्व अवघड नाही. दाण्यात पाणी आहे, पिष्ट आहे, प्रथिन आहे, तेल आहे. प्रत्येकाच्या रेणूतील बंध ठराविक लांबीच्या लहरी शोषून घेतात. पाणी १९४० नॅनोमीटरच्या आसपास, पिष्ट २१०० च्या, प्रथिन २१८० च्या. पिठावर प्रकाश टाकून किती परत आला हे पाहिले की कोणी किती गिळला त्याचा अंदाज येतो. अख्ख्या दाण्यासाठीची यंत्रे याहून आखूड लहरी, साधारण ८५० ते १०५० नॅनोमीटरच्या, दाण्यांतून आरपार पाठवतात. त्यामुळे दळावेही लागत नाही. वाटीभर गहू ओतला की मिनिटभरात ओलावा व प्रथिन पडद्यावर. आम्ल नाही, धूर नाही, आणि तपासलेला गहू पुन्हा पोत्यात.

कॅनडाने काय केले?

या यंत्राचा व्यापारात खरा उपयोग कसा होतो हे पाहायचे तर कॅनडाकडे पाहावे. तेथील प्रेअरी प्रांतातला तांबडा वसंती गहू पावासाठी जगभर जातो. १९७१ पासून तेथे हा गहू प्रथिनाच्या प्रमाणानुसार वेगवेगळा साठवून विकण्याची पद्धत सुरू झाली. गिऱ्हाईक सांगेल तेवढ्या प्रथिनाचा गहू जहाजात भरून द्यायचा. त्यासाठी रेल्वेने येणाऱ्या मालाची तपासणी वेळेत व्हायला हवी, आणि केल्डालच्या रीतीने ते जड जात होते. विनिपेग येथील कॅनडा धान्य आयोगाच्या प्रयोगशाळेत फिल विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन.आय.आर. यंत्रांची कसून परीक्षा केली आणि १९७५ मध्ये आयोगाने गव्हाच्या प्रथिन तपासणीसाठी ती स्वीकारली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी धान्य तपासणी सेवेनेही गव्हाच्या प्रथिनासाठी याच यंत्राचा मार्ग धरला.

परिणाम असा की तेथील शेतकऱ्याच्या कानावर आता ‘गव्हाचा भाव’ असा एकच आकडा येत नाही. अमुक टक्के प्रथिनाचा अमुक भाव, त्यावर चढेल तसा वाढीव भाव, खाली उतरेल तसा कमी. मिनियापोलिसच्या वायदे बाजारात वसंती गव्हाच्या करारात साडेतेरा टक्के प्रथिन लिहिलेले असते. ज्या वर्षी पावसापाण्यामुळे सर्वत्र प्रथिन घसरते, त्या वर्षी जास्त प्रथिनाच्या गव्हाला मोठी वाढ मिळते. ज्या वर्षी सर्वांचेच चांगले असते, त्या वर्षी वाढ आटते. बाजाराला काय हवे आहे याची खबर थेट शेतापर्यंत जाते.

आमचे लक्ष वेधते ती यंत्राहून वेगळी गोष्ट. यंत्र विकणाऱ्याचा शब्द आयोगाने प्रमाण मानला नाही. सार्वजनिक संस्थेच्या प्रयोगशाळेने ते आधी तपासले आणि पुढेही त्याची पडताळणी आपल्या हातात ठेवली. आकड्यावर विश्वास बसला तो त्यामुळे.

प्रमाण वेगळे, गुण वेगळा

आता सावधगिरीची बाजू. आपल्याकडे एखादे यंत्र आले की त्याच्या पडद्यावरील आकड्याला ब्रह्मवाक्य मानण्याची खोड आहे. प्रथिनाच्या बाबतीत ती महागात पडेल.

घरी कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतात तेव्हा पिष्ट ठेवून चोथा टाकतात. याच्या उलट करून पाहा. मैद्याची कणीक मळून ती पाण्याच्या धारेखाली दाबत राहा. पिष्ट पांढरे होऊन वाहून जाते आणि हातात रबरासारखा गोळा राहतो. हेच ग्लुटेन. याचे दोन मुख्य घटक : ग्लायडिन कणकेला ताणू देते, ग्लुटेनिन तिला ओढून परत आणते. खमिराचा वायू पावात अडकून राहतो तो या जाळ्यामुळे. जाळे ढिले असेल तर वायू निसटतो आणि पाव बसतो, मग प्रथिन बारा टक्के असो की तेरा.

१९८० च्या सुमारास केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत पीटर पेन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ग्लुटेनिनचे काही ठराविक घटक ज्या वाणात आहेत त्याची कणीक दमदार आणि दुसरे घटक असतील त्याची ढिली. दोन्ही वाणांत प्रथिन सारखेच असू शकते. यंत्राला जे दिसते ते बंध दोन्हींत तेच. म्हणून यंत्र दोघांना सारखेच गुण देते. भट्टी देत नाही.

याहून बोलके उदाहरण पश्चिम आशियाचे. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या पट्ट्यात ‘सन पेस्ट’ नावाचा ढेकणासारखा किडा कोवळ्या दाण्याचा रस शोषतो आणि आपली लाळ आत सोडतो. त्या लाळेतील विकर कणीक भिजवल्यावर ग्लुटेनचे जाळे तोडते. शंभरात चार-पाच दाणे असे असले तरी कणीक हातात वाहू लागते आणि रोटी होत नाही. अशा गव्हाचे प्रथिन मोजा, आकडा जवळपास जागच्या जागी असतो. तीच गोष्ट जास्त तापवून वाळवलेल्या गव्हाची. प्रथिन पुरे, ग्लुटेन मेलेले.

आणि आकड्याला फसवणारा माणूस तर किड्याहून हुशार. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यामांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले, कारण चीनमधून ‘गहू ग्लुटेन’ म्हणून आलेल्या मालात मेलामाइन सापडले. मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या धंद्यातील रसायन. त्याच्या वजनात दोन-तृतीयांश नत्र. केल्डालची रीत नत्र मोजते, तो प्रथिनाचा की रसायनाचा हे विचारत नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये हेच रसायन बाळांच्या दूध भुकटीत निघाले. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. केवळ आकड्यावर पैसे मोजले आणि आकड्यामागच्या मालाकडे पाठ फिरवली की काय होते, याचा हा धडा आहे.

यंत्र विकणारे आता सांगतात की आमचे यंत्र ओले ग्लुटेन, कणकेचा जोर, पावाचा आकारही सांगते. यात थोडे खरे आहे. दाण्याचा कठीणपणा हे यंत्र चांगला ओळखते. परंतु कणकेच्या जोराबद्दलचे भाकीत बहुतेक वेळा प्रथिनाच्या प्रमाणावरच उभे असते. प्रथिन जास्त तर ग्लुटेन जास्त, ग्लुटेन जास्त तर जोर जास्त, असा तो तर्क. म्हणजे पहिलाच आकडा दुसऱ्या नावाने परत मिळतो. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : सारखे प्रथिन असलेल्या, पण वेगवेगळ्या वाणांच्या गव्हांत हे यंत्र दमदार आणि ढिला वेगळा काढून दाखवते का? उत्तर ऐकून मगच खिशात हात घालावा.

गुणासाठी स्वस्त रीती आहेतच. दळलेला गहू ठराविक द्रावणात हलवून नळीत ठेवायचा आणि खाली बसलेल्या थराची उंची पाहायची, ही गाळ चाचणी. थर उंच तर ग्लुटेन दमदार. कणीक धुऊन ओले ग्लुटेन वजन करणे, ही त्याहून साधी. अवकाळी पावसात भिजून मोड फुटू लागलेला गहू ओळखण्यासाठी ‘फॉलिंग नंबर’ची चाचणी, जिचा आकडा सेकंदांत येतो. आणि सर्वांत शेवटी, नमुन्याचा पाव भाजून पाहणे. प्रथिनाचा आकडा यंत्रावरून आणि गुणाची साक्ष या चाचण्यांवरून, अशी जोडी जमली तरच खरेदी डोळस होईल.

शिवाय ‘जास्त प्रथिन म्हणजे चांगला गहू’ हेही सरसकट खरे नाही. पावाला अकरा ते तेरा टक्क्यांचा दमदार गहू लागतो; बिस्किट व नानकटाईला आठ ते दहा टक्क्यांचा मऊ, ढिलाच बरा, नाहीतर बिस्किट दातांना आव्हान देते. पोळीला मधला. म्हणून भाव ठरावा तो ‘कशासाठी’ हे विचारून.

यंत्राचा तराजू कोण तपासणार?

एन.आय.आर. यंत्र स्वतः होऊन प्रथिन ओळखत नाही. प्रयोगशाळेत केल्डाल किंवा द्यूमाच्या रीतीने तपासलेले शेकडो नमुने त्याला आधी दाखवावे लागतात आणि त्यावरून गणिताचे समीकरण बसवावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ज्या गव्हावर ते बसवले त्या जातीचा गहू आला तर यंत्र पाव टक्क्याच्या आसपास बरोबर सांगते. परदेशी तांबड्या गव्हावर शिकवलेले यंत्र आपल्या लोकवनावर किंवा बन्सीवर डोळे मिटून चालवले तर ते आत्मविश्वासाने चुकीचे बोलेल. दाणा फार तापलेला किंवा गार असला, नमुना वरवरचा काढला, तरी आकडा हलतो.

ओलाव्याची गोम तर सौद्यातच लपते. प्रथिनाचा टक्का कोणत्या ओलाव्यावर सांगितला हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कोरड्या हिशोबाने १३ टक्के प्रथिन असलेला एकच गहू ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीने, म्हणजे ११ टक्के ओलाव्यावर, ११.६ टक्के भरतो; अमेरिकेच्या १२ टक्के ओलाव्यावर ११.४; कॅनडाच्या साडेतेरा टक्के ओलाव्यावर ११.२. माल तोच, आकडे तीन. करारपत्रात ही ओळ नसेल तर भांडण ठरलेलेच.

दुधाच्या बाबतीत हे आपण भोगले आहे. फॅट मोजणाऱ्या यंत्रात फेरफार होतो, काटा मारला जातो, या दूध उत्पादकांच्या तक्रारी महाराष्ट्राला नव्या नाहीत. मापाने भाव देण्याची पद्धत चांगली. माप एकाच्या ताब्यात राहिले की तीच पद्धत लुबाडणुकीचे साधन होते. जगाने यावर उपाय शोधला आहे. वैध मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये धान्य व तेलबियांतील प्रथिन मोजणाऱ्या यंत्रांसाठी ‘आर १४६’ ही शिफारस काढली. ऑस्ट्रेलियातही अशा यंत्रांना मान्यतेचे सरकारी नियम आहेत. तेथे प्रथिनाचे यंत्र आणि वजनकाटा यांत कायदा फरक करीत नाही. दोन्ही पैसे ठरवतात, म्हणून दोन्ही तपासले जातात.

आमच्या सूचना

पहिली, सरकारसाठी. हमीभाव आहे तसा पायाभूत राहू द्यावा. त्याला हात न लावता, ठरावीक प्रथिनाच्या वरील गव्हाला वाढीव रक्कम द्यावी. निदान पहिली काही वर्षे कमी प्रथिनासाठी कपात मुळीच नको. नाहीतर ज्याच्याकडे खत-पाणी कमी तो लहान शेतकरीच पुन्हा भरडला जाईल, आणि यंत्र आल्यामुळे भाव पडला असे तो म्हणेल; त्याचे म्हणणे खोटेही नसेल.

दुसरी, वैध मापन यंत्रणेसाठी. प्रथिन मोजणाऱ्या यंत्राची तपासणी व शिक्का वजनकाट्यासारखा सक्तीचा करावा. आपल्या वाणांवर बसवलेले कॅलिब्रेशन कर्नालची भारतीय गहू व जव संशोधन संस्था आणि राज्यातील कृषी विद्यापीठे यांनी मिळून तयार करावे, दर हंगामी ताजे करावे, आणि ते सर्वांना खुले ठेवावे.

तिसरी, बाजार समित्यांसाठी. चांगल्या यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते, ती एकट्या अडत्याला किंवा शेतकऱ्याला पेलणारी नाही. म्हणून यंत्र समितीचे असावे, तपासणी शेतकऱ्यासमोर व्हावी, आकडा व ओलाव्याचा पाया हिशोब पट्टीवर छापून मिळावा. आकडा मान्य नसेल तर नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा. आठ-दहा पोती आणणाऱ्याचा गहू वेगळा कोठे ठेवायचा, अशी अडचण सांगितली जाते. ती खरी आहे. पण एकाच वाणाचा गहू गावातील दहा जणांनी गट करून आणला, तर वेगळा ढीग लावायला कोणाची ना नसावी.

चौथी, बेकरीवाल्यांसाठी. मैदा घेताना मिलकडून प्रथिनाचा टक्का आणि तो कोणत्या ओलाव्यावर आहे हे लेखी मागावे. एकट्या भट्टीचे मिल ऐकणार नाही. एका गल्लीतल्या दहा भट्ट्यांनी एकत्र खरेदी केली तर ऐकावे लागेल. ओले ग्लुटेन धुऊन पाहण्याला वाटी, पाणी आणि लहान काटा यांखेरीज काही लागत नाही. प्रत्येक नव्या खेपेतून शंभर ग्रॅम मैदा घेऊन ही चाचणी करावी आणि वहीत नोंद ठेवावी. सहा महिन्यांची वही हातात असली की मिलवाल्याशी बोलण्याची भाषाच बदलते.

पाचवी, धान्य व्यापाऱ्यांसाठी. आकडा आला की आपली नजर निरुपयोगी होईल, ही भीती त्यांनी मनातून काढावी. कीड, मिसळ, भेसळ, जुना-नवा माल हे ओळखायला नजरच लागणार. उलट ज्याच्याकडे नजर आणि आकडा दोन्ही असतील त्याचा माल मिलवाले आधी उचलतील.

दुधाला फॅटचा भाव मिळू लागला तेव्हा पाणी घालणाऱ्याचा धंदा अवघड झाला आणि चांगली म्हैस सांभाळणाऱ्याला मान मिळाला. गव्हातही तसेच घडू शकते. अट एवढीच की यंत्राचा आकडा सर्वांना दिसावा, त्याच्या मर्यादा सर्वांना ठाऊक असाव्यात, आणि त्यावर शिक्का मारणारा हात ना घेणाऱ्याचा असावा ना विकणाऱ्याचा. येत्या रब्बीच्या आवकेपूर्वी आपापल्या बाजार समितीच्या सभेत हा विषय मांडावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.